बिझनेस स्कूल आणि निर्वासित: दार उघडं आहे म्हणतात, पण फी कोण भरणार?

इंग्लंडमध्ये असायलम मागून बसलेल्या माणसाला, म्हणजे "माझ्या देशात माझ्या जिवाला धोका आहे, मला इथे राहू द्या" असा अर्ज करून निकालाची वाट बघणाऱ्याला, सरकारकडून आठवड्याला ४९ पौंड १८ पेन्स मिळतात (हा २०२५ चा आकडा), राहायची सोय वेगळी, आणि हॉटेलात जेवणासकट ठेवलं असेल तर याहून कितीतरी कमी. तिथल्या विद्यापीठात पदवीची फी स्थानिक मुलांना वर्षाला ९,५३५ पौंड, हा २०२५-२६ चा आकडा. पण हा माणूस स्थानिक धरला जात नाही, परदेशी विद्यार्थी धरतात, म्हणजे फी दीडपट, दुप्पट, कधी त्याहूनही जास्त, आणि वर सरकारी शैक्षणिक कर्ज नाही ते नाहीच. मग काम करून भरू म्हणाल तर कामाचीही परवानगी नाही, अर्जाला वर्ष उलटलं तरच ती मागता येते आणि तीसुद्धा सरकारने यादीत दिलेल्या ठराविक कामांपुरती. स्वतःचा छोटा धंदा तर अजिबात नाही.

त्यामुळे एखाद्या विद्यापीठाचं बिझनेस स्कूल जेव्हा सांगतं की आम्ही निर्वासितांसाठी आणि वंचित वस्त्यांसाठी अमुक आउटरीच करतो, म्हणजे एरवी आत न येणाऱ्यांपर्यंत आपण होऊन पोचतो, तेव्हा फोटो आणि भाषणं बाजूला ठेवून मी आधी एकच बघतो, की वरच्या हिशोबातला कुठला आकडा यांनी हलवला. या विषयावर बोलणारे बरेच जण प्रेरणा, सक्षमीकरण वगैरेवर फार रमतात, आणि घोडं अडतं ते फीच्या रकान्यात, हरवलेल्या मार्कशीटमध्ये, बसभाड्यात आणि क्लासच्या वेळी पोरं कुणाकडे ठेवायची यात. हा लेख त्याच कंटाळवाण्या गोष्टींबद्दल आहे, कारण सगळं जमतं किंवा फसतं ते तिथेच.

आधी थोडा गोंधळ दूर करू, कारण हे शब्द सगळेजण सरमिसळ करून वापरतात. निर्वासित हा कायद्यातला दर्जा आहे, १९५१ च्या आंतरराष्ट्रीय कराराने ठरवलेला, की वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, एखाद्या सामाजिक गटातलं असणं किंवा राजकीय मत यामुळे ज्याला छळाची रास्त भीती आहे आणि जो देशाबाहेर पडलाय तो. (हा करार मुळात दुसऱ्या महायुद्धाच्या सुमाराच्या लोकांपुरता होता, १९६७ च्या पुरवणी कराराने ती काळाची मर्यादा निघाली.) ज्याचा निकाल अजून लागायचाय तो असायलम मागणारा. आणि जे घर सोडून पळालेत पण देशाच्या आतच आहेत ते अंतर्गत विस्थापित, आणि त्यांची संख्या सगळ्यात मोठी. विद्यापीठाच्या दृष्टीने या तिघांत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. इंग्लंडमध्येच बघा, निर्वासित म्हणून दर्जा मिळाला की तोच माणूस स्थानिक फीला पात्र होतो आणि कर्जालाही. म्हणजे काल परदेशी, आज स्थानिक, माणूस तोच, हुशारी तीच, फक्त एक पत्र आलं. आणि ते पत्र यायला काहींना महिने लागतात तर काहींना वर्षं.

आता आकार समजून घ्या. २०२४ च्या शेवटी जगात जबरदस्तीने विस्थापित झालेले लोक १२ कोटी ३२ लाखांच्या घरात होते, हा संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेचा, यूएनएचसीआरचा आकडा. त्यातले साधारण ७ कोटी ३५ लाख आपल्याच देशात विस्थापित, आणि देशाबाहेर गेलेले निर्वासित ४ कोटी २७ लाख. यातला मोठा हिस्सा, जवळपास पाऊण, कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आहे, श्रीमंत देशांत नाही, आणि बहुतेक जण शेजारच्याच देशात अडकलेत. उच्च शिक्षणाचं तर विचारूच नका. काही वर्षांपूर्वीपर्यंत निर्वासित तरुणांपैकी फक्त १ टक्का कॉलेजपर्यंत पोचत होते, मग ३ झाले, मग ७, आता ९ च्या आसपास, आणि जगातल्या एकूण तरुणांचं हे प्रमाण ४० च्या पुढे. २०३० पर्यंत १५ टक्क्यांवर न्यायचं असं यूएनएचसीआरचं उद्दिष्ट आहे. याच कामासाठी १९९२ पासून जर्मन सरकारच्या पैशावर डाफी नावाची शिष्यवृत्ती चालते, तिच्या पूर्ण नावात आइन्स्टाइन आहे, जो स्वतः निर्वासित होता. हजारो मुलं त्यातून शिकली, बहुतेक जिथे आश्रय घेतलाय त्याच देशातल्या विद्यापीठात, आणि त्यांनी निवडलेल्या विषयांत व्यवसाय-व्यवस्थापन नेहमी वरच्या रांगेत असतं.

मग प्रश्न येतो की हे काम बिझनेस स्कूलनेच का करायचं. इतिहासाचा किंवा गणिताचा विभागही करू शकतो की, आणि करतातही. पण बिझनेस स्कूलकडे काही गोष्टी आयत्या असतात. एक तर पैसा. बऱ्याच विद्यापीठांत हाच विभाग परदेशी विद्यार्थ्यांची घसघशीत फी आणून बाकीच्यांना पोसतो, तेव्हा एका भरलेल्या वर्गात आणखी दोन जणांना फीमाफीवर बसवायचा खरा खर्च तुम्हाला वाटतो तेवढा नसतो, खुर्ची असते, प्रोफेसर शिकवतच असतो, जास्तीचा खर्च म्हणजे राहणं, जेवण, प्रवास. दुसरं म्हणजे ओळखी. माजी विद्यार्थी कंपन्यांत मोठ्या जागांवर बसलेत, आणि नव्या देशात आलेल्या माणसाकडे नेमकी हीच गोष्ट शून्य असते. आणि तिसरं, थोडं कडू आहे, की निर्वासितांना बऱ्याचदा धंदाच करावा लागतो, कारण नोकरी मिळत नाही. डिग्री इथे चालत नाही, भाषा अर्धवट, इथला अनुभव नाही. इंजिनियर डिलिव्हरी करतोय आणि फार्मासिस्ट बाई साफसफाईच्या कामावर जातेय हे चित्र कुठल्याही मोठ्या शहरात दिसतं.

या डिग्रीच्या भानगडीकडे जरा जवळून बघू.

घर सोडून पळताना माणूस पोरं उचलतो, पैसे उचलतो, फार तर पासपोर्ट. मार्कशीट कोण घेतं. आणि घेतली तरी ज्या विद्यापीठाने दिली तिथे फोन करून "हा खरंच तुमचा विद्यार्थी का" विचारायचं म्हटलं तर एकतर तिथे फोन उचलणारं कुणी उरलेलं नसतं, नाहीतर ज्या सरकारपासून हा पळालाय त्याच सरकारच्या माणसाला त्याचा ठावठिकाणा कळवल्यासारखं होतं. हे लक्षात न घेता मूळ प्रमाणपत्र आणि विद्यापीठाचा सीलबंद लिफाफा मागणारे अॅडमिशन फॉर्म अजूनही आहेत, आणि त्याच विद्यापीठाच्या वेबसाइटवर पहिल्या पानावर निर्वासितांचं स्वागत असतं.

यावर उपाय नाही असं नाही. युरोपात एकमेकांच्या पदव्या मान्य करण्यासाठी १९९७ चा लिस्बनचा करार आहे, त्याच्या सातव्या कलमात स्पष्ट म्हटलंय की निर्वासितांकडे पूर्ण कागद नसले तरी त्यांची पात्रता न्याय्य पद्धतीने तपासायची व्यवस्था देशांनी करावी. करून ठेवलं छान, पण जवळपास वीस वर्षांनी परीक्षण झालं तेव्हा बऱ्याच देशांनी त्या कलमाचं फारसं काही केलेलंच नव्हतं. मग २०१७ मध्ये काउन्सिल ऑफ युरोप या संघटनेने निर्वासितांसाठी पात्रता पासपोर्ट सुरू केला, नॉर्वेमध्ये आधी केलेल्या कामावर बेतलेला, आणि पहिली चाचणी ग्रीसमध्ये घेतली. पद्धत अशी: आधी सविस्तर प्रश्नावली भरायची, जे काही कागद असतील, फोटो असतील, ओळखपत्राची अर्धी फाटकी झेरॉक्स असेल ते द्यायचं, आणि मग प्रशिक्षित मूल्यांकन करणाऱ्यांसमोर मुलाखत. ते काय विचारतात? प्रवेश कसा मिळाला, किती सेमिस्टर, कुठले विषय, परीक्षा लेखी की तोंडी, प्रोजेक्ट कशावर केला. जो खरंच चार वर्षं तिथे बसलाय तो हे झोपेतून उठवलं तरी सांगतो, आणि ज्याने बसून पाठ केलंय तो तिसऱ्या चौथ्या प्रश्नाला अडखळतो. मग त्याला एक दस्तऐवज मिळतो ज्यात त्याचं सर्वात वरचं शिक्षण, कामाचा अनुभव, भाषा हे सगळं नोंदलेलं असतं, आणि तो पाच वर्षं चालतो. ही कायदेशीर मान्यता नव्हे, तो फक्त तज्ज्ञांचा अभिप्राय, घ्यायचा की नाही ते विद्यापीठाच्या हातात. युनेस्कोनेही याच धर्तीवर स्वतःचा पासपोर्ट काढला आणि २०१९ मध्ये झांबियातून सुरुवात केली. तेव्हा एखाद्या बिझनेस स्कूलचा आउटरीच खरा की दिखाऊ हे ओळखायचं असेल तर त्यांच्या अॅडमिशन ऑफिसला एवढंच विचारा की असा पासपोर्ट घेऊन कुणी आलं तर तुम्ही काय करता. "म्हणजे काय असतं ते?" असं उत्तर आलं तर समजून जा.

इंग्रजीची परीक्षा हा आणखी एक खोडा. आयईएल्टीएसची फी भरायला त्या ४९ पौंडांतून किती आठवडे साठवावं लागेल हे तुम्हीच हिशोब करा, आणि एका बसण्यात हवे तेवढे मार्क पडतीलच असं नाही. काही विद्यापीठं स्वतःची फुकट चाचणी घेतात किंवा आधी काही महिन्यांचा भाषेचा वर्ग देतात, आणि खरं तर हे त्यांच्याकडे असतंच, परदेशी विद्यार्थ्यांसाठी हे वर्ग दर उन्हाळ्यात चालूच असतात, फक्त दोन खुर्च्या वाढवायच्या असतात.

ब्रिटनमध्ये या सगळ्याला थोडं वळण लागलं ते सँक्चुअरी, म्हणजे आश्रयस्थान, नावाच्या चळवळीमुळे. २००५ मध्ये शेफील्डमध्ये सिटी ऑफ सँक्चुअरी नावाने सुरू झाली, की आपलं शहर आश्रय मागणाऱ्यांना सामावून घेणारं असावं, आणि पुढे शाळा, ग्रंथालयं, विद्यापीठं अशी शाखांनी वाढली. यातली विद्यापीठं सँक्चुअरी शिष्यवृत्ती देतात, म्हणजे असायलम मागणाऱ्यालाही फी माफ आणि वर रोजच्या खर्चाला काही रक्कम. जागा थोड्या असतात, अर्ज भरमसाट. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठाने विस्थापितांसाठी सगळ्या शाखांमध्ये मिळून अशी शिष्यवृत्ती काढली, त्यात त्यांचं बिझनेस स्कूलही येतं. पूर्ण खर्चाची एमबीए शिष्यवृत्ती ऐकायला भारी वाटते, आणि मिळेल त्याचं आयुष्य बदलतं यात शंका नाही, पण वर्षाला एक दोन माणसांचं. ज्यांना पूर्ण पदवी नकोय किंवा परवडतच नाही, वेळच नाही, त्यांच्यासाठी काय, हा मला जास्त महत्त्वाचा प्रश्न वाटतो.

त्यांच्यासाठी असतात छोटे कोर्स. संध्याकाळचे, आठ दहा आठवड्यांचे, स्वतःचा धंदा सुरू करू पाहणाऱ्यांसाठी. (इंग्लंडात हे दर्जा मिळालेल्यांनाच उपयोगी, असायलमवाल्यांना धंद्याची परवानगीच नाही हे वर आलंच. तरी काही जण शिकून ठेवतात.) यात नेमकं काय शिकवतात ते एका उदाहरणावरून बघू. समजा एक बाई आहे, शिवणकाम उत्तम, आणि लोकांचे ड्रेस घरून अल्टर करून द्यायचं तिने ठरवलं. एका ड्रेसचे १४ पौंड घेते. धागा, चेन, अस्तर मिळून ३ पौंड जातात. ड्रेस आणायला आणि पोचवायला बसचे ४. उरले ७, आणि ती खूश आहे, की सात पौंड सुटले. मग शिकवणारा विचारतो की वेळ किती लागला. माप घेणं, उसवणं, शिवणं, इस्त्री, आणि बसमध्ये बसलेला वेळ धरून अडीच तास. म्हणजे तासाला २ पौंड ८० पेन्स. तिथलं कायद्याने ठरलेलं किमान वेतन २०२५ साली १२ पौंड २१ पेन्स होतं. हा आकडा फळ्यावर लिहिला की वर्गात शांतता पसरते, कारण जवळजवळ सगळ्यांनीच आपला वेळ फुकट धरलेला असतो. चांगला शिकवणारा तिथे "किंमत वाढव" म्हणून मोकळा होत नाही, कारण तिचं गिऱ्हाईक त्याच वस्तीतलं आहे, त्यांचाही खिसा तेवढाच. तो म्हणतो, आठवड्यात एकच दिवस ठरव ज्या दिवशी लोक कपडे आणून देतील आणि घेऊन जातील, एखाद्या ओळखीच्या दुकानात कोपरा माग, बसचे पैसे आणि बसमधला वेळ दोन्ही वाचले, आणि एकाच प्रकारचं काम सलग कर म्हणजे दोरा बदलण्यातच दिवस जाणार नाही. मग पुढचे धडे: वर्षाला १,००० पौंडांवर धंदा गेला की टॅक्स खात्याकडे नोंद करावी लागते, पावती कशी लिहायची, कपडा जळाला तर भरपाई कोण देणार म्हणून विमा, घरखर्चाचं आणि धंद्याचं खातं वेगळं.

बँक खातं म्हणाल तर तोही एक अध्याय आहे. नव्या देशात माणसाची क्रेडिट हिस्टरी, म्हणजे आधीच्या कर्जफेडीची नोंद, कोरी असते, आणि बँकेच्या मशीनला कोरी पाटी आणि वाईट पाटी यात फारसा फरक दिसत नाही. पत्त्याचा पुरावा म्हणून लाइटबिल मागतात, ते सरकारी निवाऱ्यात राहणाऱ्याच्या नावाने येतच नाही. इथे बिझनेस स्कूल एक फार उपयोगी काम करू शकतं ज्याचा फोटो निघत नाही, ते म्हणजे बँकेच्या माणसाला वर्गात आणून बसवणं आणि कुठले कागद चालतील ते लेखी घेणं. व्याजाचाही प्रश्न येतो, बऱ्याच मुस्लिम कुटुंबांना व्याजी कर्ज धर्मामुळे नको असतं, आणि ब्रिटनमध्ये बिनव्याजी धाटणीचं शैक्षणिक कर्ज आणू असं सरकारने २०१४ पासून म्हणत म्हणत वर्षानुवर्षं लांबवलं. अशा मुलाला "कर्ज घे ना, सगळेच घेतात" हा सल्ला देणं म्हणजे बोळवण करणं झालं.

आता माझी एक तक्रार. निर्वासित म्हटला की त्याला उद्योजक करायची जी घाई सध्या दिसते ती मला पटत नाही. बिझनेस स्कूलला स्टार्टअप आवडतो, भाषणात छान बसतो, पण नव्या देशात, बचत नसताना, भाषा अर्धी येत असताना धंदा टाकणं ही सगळ्यात जोखमीची वाट आहे, आणि स्थानिक माणसाचा धंदा बुडाला तर तो आईबापाच्या घरी तरी जाऊ शकतो. ज्या अकाउंटंटने आपल्या देशात दहा वर्षं ताळेबंद तपासलेत त्याला धंद्याच्या कल्पना सुचवायला लावण्यापेक्षा इथल्या व्यावसायिक परीक्षेत त्याला किती पेपरची सूट मिळते ते शोधून द्या आणि दोन ऑफिसांत ओळख करून द्या, त्याचं भलं होईल.

तरी दुसरी बाजूही आहे आणि ती नाकारून चालणार नाही. ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी युगांडात केलेला अभ्यास २०१४ मध्ये आला, त्यात कंपाला शहरातल्या निर्वासितांपैकी २१ टक्के लोक असा धंदा चालवत होते ज्यात दुसऱ्या कुणाला काम मिळत होतं, आणि त्यांनी कामावर ठेवलेल्यांत ४० टक्के युगांडाचेच नागरिक होते. म्हणजे "हे येऊन आमच्या नोकऱ्या खातात" या ओरडीचं उलटं. पण ते का शक्य झालं हेही बघा, युगांडाच्या २००६ च्या कायद्याने निर्वासितांना काम करायची आणि फिरायची मोकळीक आहे. केनियात काकुमा नावाची १९९२ पासूनची वसाहत आहे, तिथे बाहेर जायला यायला बंधनं, तरी जागतिक बँक गटातल्या आयएफसीने २०१८ मध्ये त्या भागाचा बाजार म्हणून अभ्यास केला तेव्हा वर्षाची उलाढाल ५ कोटी ६० लाख डॉलर आणि दुकानं दोन हजारांच्या वर निघाली. लोक कोर्सची वाट बघत बसलेले नव्हते. तेव्हा बाहेरून जाऊन "आम्ही तुम्हाला धंदा शिकवतो" म्हणणाऱ्या प्रोफेसरने आधी त्या बाजारातून एक चक्कर मारलेली बरी, उधारी कशी चालते, माल कुठून येतो, मोबाइलवर पैसे कसे फिरतात हे तिथला किराणावाला त्यालाच शिकवेल.

आणि बहुतेक निर्वासित शेजारच्या गरीब देशांत आहेत हे एकदा मान्य केलं की लंडन-पॅरिसच्या कॅम्पसवर दोन जागा ठेवून काम संपत नाही. रवांडातलं उदाहरण मला त्यासाठी महत्त्वाचं वाटतं. किझिबा ही काँगोमधून आलेल्यांची जुनी छावणी, तिथे केप्लर नावाच्या संस्थेने २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सदर्न न्यू हॅम्पशर विद्यापीठाशी हात मिळवून छावणीच्या आतच पदवीचा कार्यक्रम सुरू केला. अभ्यास ऑनलाइन, पण वर्ग, वीज, इंटरनेट आणि समोर बसून मदत करणारी माणसं प्रत्यक्ष तिथे. पदवी तासांवर मोजायची नाही, एकेक कौशल्य करून दाखवलं की पुढे, म्हणजे एखाद्याला मध्येच महिनाभर आजारी आईकडे बघावं लागलं तरी त्याचं वर्ष बुडत नाही. नुसतं ऑनलाइन मात्र बऱ्याचदा तोकडं पडतं. युनिव्हर्सिटी ऑफ द पीपल २००९ पासून जवळपास फुकटात, शिकवण्याची फी न घेता, ऑनलाइन बिझनेसची पदवी देतंय आणि अनेक निर्वासित त्यात शिकतात, ज्याच्याकडे लॅपटॉप, शांत खोली आणि चिकाटी आहे त्याला ते सोनं आहे. बर्लिनमध्ये २०१५ च्या निर्वासितांच्या लाटेत किरॉन नावाची संस्था निघाली, कल्पना अशी की आधी ऑनलाइन कोर्स करा आणि मग खऱ्या विद्यापीठात वरच्या वर्षाला जा, पण "मग खऱ्या विद्यापीठात" हा सांधाच सगळ्यात अवघड निघाला, कारण तिकडे पुन्हा तेच, कागद, भाषा, मान्यता.

निर्वासितांबरोबर "वंचित समाज" हे शब्द नेहमी जोडून येतात. त्यात कोण? घरात पहिल्यांदाच कॉलेजला जाणारी मुलं, गरीब वस्त्यांतली, अनाथालयात किंवा सरकारी देखभालीत वाढलेली. यांना कागदाचा प्रश्न नसतो, अडचण वेगळी असते. फ्रान्समध्ये एसेक या नामांकित बिझनेस स्कूलने २००२ मध्ये एक कार्यक्रम काढला, नावाचा अर्थ साधारण "मोठ्या कॉलेजात मी का नाही?" असा. कामगार वस्त्यांतल्या हायस्कूलच्या मुलांना एसेकचे विद्यार्थी दर आठवड्याला भेटणार, शाळेची शेवटची तीनही वर्षं. आणि गंमत म्हणजे ही मुलं एसेकमध्येच यावीत अशी अट किंवा अपेक्षा नव्हती, कुठेही चांगलं शिकावं एवढंच. हे मला फार पटतं, नाहीतर आउटरीचच्या नावाखाली बरीच विद्यापीठं स्वतःची जाहिरातच करून येतात. पुढे फ्रेंच सरकारने २००८ मध्ये ही कल्पना उचलून देशभर नेली.

आत गेल्यावर काय, हा भाग मात्र बहुतेक ठिकाणी कच्चा असतो. लंडनच्या बँका पदवीच्या पहिल्याच वर्षी मुलांना आठवडाभर बोलावतात, स्प्रिंग वीक म्हणतात त्याला, आणि तिथून पुढची इंटर्नशिप, तिथून नोकरी अशी साखळी लागते. ज्याच्या घरात कुणी त्या धंद्यात आहे त्याला हे पहिल्या टर्मलाच माहीत असतं, बाकीच्यांना कळतं तेव्हा तारीख गेलेली असते. अशा मुलाला कमी मार्कांवर प्रवेश दिला (परिस्थिती बघून अट थोडी खाली आणतात, आणि ते योग्यच आहे) आणि पुढे हे कुणी सांगितलंच नाही तर अर्धच काम झालं.

बरं, हे सगळं बिझनेस स्कूल चांगुलपणा म्हणून करतात का? काही माणसं नक्कीच. पण संस्थेला कारणंही लागतात. बिझनेस स्कूलना मान्यता देणाऱ्या एएसीएसबीने २०२० च्या नव्या निकषांत समाजावर तुमचा परिणाम काय हे वेगळं विचारायला सुरुवात केली. संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने २००७ पासून जबाबदार व्यवस्थापन शिक्षणाची तत्त्वं आहेत, त्यावर सह्या केलेली स्कूलं अहवाल देतात. इंग्लंडमध्ये तर वरच्या दराने फी घ्यायची असेल तर वंचित मुलांना कसं आत आणणार आणि टिकवणार याची योजना नियामकाकडून मंजूर करून घ्यावी लागते. मला यात वाईट काही वाटत नाही, कारण काही का असेना काम झालं तर झालं. फक्त अहवालासाठी केलेलं काम अहवाल छापला की थांबतं. जसं की विद्यार्थ्यांच्या कन्सल्टिंग प्रोजेक्टचं होतं, एका टर्मसाठी पाच मुलं एखाद्या छोट्या संस्थेत जातात, संस्थेची दोन माणसं आपला वेळ घालवून त्यांना सगळं समजावतात, शेवटी मुलांना मार्क मिळतात, संस्थेला चाळीस पानी पीडीएफ, आणि पुढच्या वर्षी नवीन पाच मुलं येऊन तेच प्रश्न पहिल्यापासून विचारतात. प्रोजेक्ट दरवर्षी पुढच्या टप्प्यावर न्यायचा आणि त्या दोन माणसांच्या वेळेचे पैसे द्यायचे, एवढं केलं तरी खूप फरक पडतो.

फोटोचं एक गंभीर आहे. निर्वासित विद्यार्थ्याचं नाव, चेहरा, देश आणि "राजवटीच्या जाचातून सुटून आता एमबीए" अशी गोष्ट वेबसाइटवर टाकली की ती त्याच्या देशातही दिसते, जिथे त्याचे आईवडील अजून राहतात. शिष्यवृत्ती देणाऱ्याने फोटो मागितला तर नाही म्हणायची हिंमत घेणाऱ्याला होत नाही, म्हणून ते विचारणंच नियमाने बंद असलं पाहिजे, किमान शिष्यवृत्तीच्या अटींत तरी नको.

आणि पैशाचा शेवटचा मुद्दा. देणगीदार बहुधा ठराविक वर्षांपुरती रक्कम देतो, पदवी त्याहून लांबू शकते, त्यात भाषेच्या वर्गाचं वर्ष धरलं तर अजून लांबते. शिवाय मध्येच विद्यार्थ्याचा असायलमचा अर्ज फेटाळला गेला तर? अपिलात महिनोन् महिने जातात, तेवढ्यात सरकारी निवारा दुसऱ्या शहरात हलवला जाऊ शकतो, आणि सकाळी नऊचं लेक्चर दोनशे किलोमीटरवर राहतं. नीट विचार करून बनवलेल्या शिष्यवृत्तीच्या नियमांत हे आधीच लिहिलेलं असतं, की अपील चालू आहे तोवर शिष्यवृत्ती चालू राहील, राहायची खोली विद्यापीठ देईल, आणि एक टर्म चुकली तर जागा जाणार नाही. अर्ज करणाऱ्याने, किंवा त्याच्यासाठी फॉर्म भरून देणाऱ्याने, हे परिच्छेद आधी शोधावेत. सापडले नाहीत तर सही करायच्या आधी ईमेल करून लेखी उत्तर मागावं.